परतीचं पान

आमच्या रुग्णालयात त्यांना सगळे गेलंतरबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. कुठलीही नवी वस्तू त्यांच्यासमोर ठेवा, कुठलाही बेत सांगा, त्या चष्मा कपाळावर चढवून एकच विचारायच्या, "बरं. आणि ते गेलं तर?" नवा यूपीएस बसवला, तर "आणि हा गेला तर?" लिफ्टला जनरेटर जोडला, तर "आणि जनरेटर गेला तर?" मी इथला वायरमन. सव्वीस वर्षं या इमारतीच्या भिंतींतून वायरी ओढतोय. हा प्रश्न दिवसातून चारदा कानावर पडला की कोणाचंही डोकं तापेल, आणि माझं डोकं तापायला तसंही निमित्त लागत नाही. एकदा मी त्यांना म्हणालो, "बाई, सगळंच जाणार म्हणता, मग आपण तरी कशाला थांबायचं?"

"थांबू नका," त्या म्हणाल्या. "पण जाताना पक्कड कोणाकडे दिलीत ते सांगून जा."

बाई त्वचापेढी सांभाळायच्या. रक्तपेढी सगळ्यांना माहीत असते, ही तेवढी नाही. माणूस गेल्यावर घरच्यांनी होकार दिला, तर त्याच्या मांड्यांवरची आणि पाठीवरची कातडी पातळ काढून घेतात, औषधात बुडवून फ्रीजमध्ये ठेवतात, आणि भाजून आलेल्या दुसऱ्या कोणाचं तरी उघडं अंग तिने झाकतात. स्वतःची कातडी धरेपर्यंत त्या उसन्या कातडीवर माणूस तग धरतो. नियम मात्र भलता कडक होता. फ्रीज दोन ते सहा अंशांतच राहायला हवा, आणि तो तसा राहिला याची नोंद हवी. मध्ये तीस मिनिटांहून मोठी फट पडली, एकही आकडा नसलेली, की त्वचा कितीही चांगली असली तरी ती कोणाला लावायची नाही. भट्टीत घालायची.

बाईंनी ते एकदा केलं होतं. तेव्हा सगळं हाताने चालायचं. बाई आणि पाळीवरच्या सिस्टर दर अर्ध्या तासाला आकडा वाचून रजिस्टरमध्ये लिहायच्या. एका सुट्टीच्या दिवशी वरच्या मजल्यावरचा नळ गळला आणि सगळी रजिस्टरं कपाटातल्या कपाटात लगदा झाली. फ्रीज ठणठणीत होता. तरी अकरा ट्रे त्यांनी स्वतःच्या हाताने भट्टीपर्यंत नेले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं झालं त्यांचं. घरीसुद्धा प्रत्येक किल्लीच्या तीन प्रती, प्रत्येक फोन नंबर दोन वह्यांत. त्यांचे यजमान म्हणायचे, "एवढ्या वर्षांत हिने माझीच तेवढी दुसरी प्रत काढून ठेवली नाही."

पुढे सर्व्हर आला. फ्रीजच्या दारावर एक छोटी डबी बसवली, ती दर मिनिटाला तापमान मोजायची आणि सर्व्हर ते लिहून ठेवायचा. बाईंनी वर्षभर अर्ज करून करून अधीक्षकांच्या नाकी नऊ आणले आणि दुसरा सर्व्हर मिळवला. पहिल्याचं नाव ठेवलं थोरली, दुसऱ्याचं धाकटी. बाई स्वतः घरात धाकट्या जाऊबाई, त्यामुळे त्यांना हे नातं चांगलं कळायचं. थोरली काम करते, धाकटी बघते. दर पंधरा मिनिटांनी थोरलीच्या वहीची नक्कल धाकटीकडे जाते. थोरली आडवी झाली की दोन मिनिटांत धाकटी पदर खोचून उभी.

हे नुसतं कागदावर नव्हतं. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी अकराला बाई थोरलीचा प्लग ओढून काढायच्या. चालू, धडधाकट यंत्राचा! साक्षीला मी. त्या घड्याळ धरून उभ्या, मी कपाळाला आठ्या घालून उभा. दोन मिनिटांच्या आत धाकटीच्या पडद्यावर हिरवी रेघ पुढे सरकली की त्या हुश्श म्हणायच्या, मग मला जायला सांगायच्या आणि थोरलीला परत चालू करायचं ते मागाहून एकट्या करायच्या. असे सदतीस मंगळवार झाले. त्या सदतीसपैकी एकदाही मी मागे थांबून पाहिलं नाही की परत चालू करताना बाई काय करतात. चालू करणं म्हणजे चालू करणं, त्यात पाहायचं काय?

ज्या दिवसाबद्दल सांगतोय तो मंगळवार नव्हता. बुधवार होता.

जळीत विभागात एक वेल्डर होता, तिशीही न गाठलेला. टाकी फुटून छाती, पोट आणि दोन्ही हात भाजलेले. आदल्या दिवशी त्याची मेलेली कातडी काढून टाकली होती. आता अंग झाकलं नाही तर आतलं पाणी जाणार आणि बाहेरचे जंतू आत येणार, म्हणून बुधवारी दुपारी एकची शस्त्रक्रिया ठरली होती. आमच्या पेढीत नेमके पुरतील एवढे पाच ट्रे होते. साडेबाराला ते ट्रे आणि त्यांच्या तापमानाची छापील नोंद शस्त्रक्रियेच्या खोलीत पोचायला हवी होती. वेल्डरची बायको आमच्या दारासमोरच्या बाकावर बसलेली असायची. मांडीवर एक पिशवी, पिशवीत त्याचे बूट. बाईंनी तिला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की त्याच्यासाठी लागणारी वस्तू या दारामागे आहे. तेव्हापासून ती दुसरीकडे बसलीच नाही.

सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी थोरलीतून जळका वास आला आणि ती बंद पडली. मी पोचलो तोवर धाकटीची रेघ सुरूही झाली होती. बाईंच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी पाहिला तसा आनंद आधी कधी पाहिला नव्हता. तीन वर्षं लोक हसले, आणि आज खरोखर गेली, आणि खरोखर काही बिघडलं नाही. भिंतीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लावलेला कागद होता: थोरली बंद पडल्यास धाकटी चालू झाली का पाहा, वायरमनला बोलवा, डॉक्टरांना कळवा. तिन्ही गोष्टी त्यांनी एकेका ओळीवर बोट ठेवत केल्या.

"पॉवर सप्लाय गेलाय," मी म्हणालो. "माझ्याकडे जुना पडलाय, तो बसवून बघतो."

"बघा सावकाश, भाऊ. धाकटी आहे ना."

अकराच्या सुमाराला जुन्या इमारतीतून अधीक्षकांचा निरोप आला. त्यांना सकाळचा पराक्रम कळला होता आणि त्यांच्याकडे आलेल्या पाहुण्यांसमोर बाईंच्या तोंडून तो ऐकायचा होता. बाईंनी साडीच्या निऱ्या नीट केल्या, मला म्हणाल्या, "साडेअकरापर्यंत येते," आणि शाबासकी घ्यायला गेल्या.

मी थोरलीचं पोट उघडलं, पॉवर सप्लाय बदलला, पंखा साफ केला. अकरा अठराला बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सदतीस महिने मला नुसतं साक्षीला उभं केलं, आज मेलेली मी उठवली. मनात म्हटलं, येऊ देत बाईंना. मग स्टुलावर बसून चहा घेतला.

अकरा एकतीसला सहज धाकटीच्या पडद्याकडे नजर गेली. हिरवी रेघ नऊ बारापर्यंत होती. मग काहीच नव्हतं. मग अकरा अठरापासून परत रेघ. मधले दोन तास सहा मिनिटं कोणी पुसून टाकल्यासारखी कोरी. थोरलीकडे वळलो. तिथेही तेच.

आता जे लिहितोय ते लिहायला जड जातं, पण न लिहिलं तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. मी फोन उचलला नाही. आधी पडदा बंद करून चालू केला. मग मागच्या वायरी दाबून पाहिल्या. पुन्हा पडदा. एकदा तर पडद्याची काच रुमालाने पुसली, म्हणजे माझी अक्कल कुठे गेली होती पाहा. मला कळत होतं की काहीतरी भलतंच झालंय आणि ते माझ्या हातून झालंय. एवढं कळत होतं म्हणूनच फोन होत नव्हता. बाई यायच्या आत रेघ परत येईल, आणि मग कोणाला काही सांगावं लागणार नाही, अशी आशा धरून मी मूग गिळून त्या खोलीत फिरत होतो. काचेतून वेल्डरची बायको दिसत होती. ती पिशवीचे बंद सारखे करत होती.

अकरा चाळीसला फोन केला.

"बाई, रेघ दिसत नाहीये."

"कोणाची?"

"दोघींची. सकाळची. नऊ बारापासून."

मग त्या म्हणाल्या, "थोरली चालू केलीत?"

"हो. दुरुस्त झाली ना."

"नेटवर्कची वायर काढून?"

"कुठली वायर?"

फोन बंद झाला. जुन्या इमारतीपासून आमच्या खोलीपर्यंत चालत दहा मिनिटं लागतात. बाई चौपन्न वर्षांच्या, गुडघे दुखरे. त्या सहा मिनिटांत आल्या. चपला हातात होत्या.

त्यांनी आधी थोरलीला धाकटीशी जोडणारी जाड निळी वायर ओढून काढली. मग धापा टाकत जे सांगितलं ते असं. थोरलीला आपण मध्ये मेलो होतो हे माहीतच नसतं. ती उठली की समजते घर अजून आपलंच आहे. आणि नक्कल करते म्हणजे नुसती भर घालत नाही. जे आपल्या वहीत नाही ते धाकटीच्या वहीतून खोडते. म्हणून परत चालू करताना बाई आधी तिची वायर काढायच्या, धाकटीची वही तिच्यात उतरवून घ्यायच्या, आणि मगच वायर लावायच्या. सदतीस वेळा.

"हे कागदावर कुठे आहे?" मी ओरडलोच.

बाईंनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. मीही पाहिलं. तीन ओळी. थोरली गेली तर काय करायचं ते सगळं होतं. थोरली परत आली तर काय, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

"नाहीये," त्या म्हणाल्या. "ते माझ्या हाताला येतं, म्हणून लिहिलंच नाही."

पण त्या तिथे थांबल्या नाहीत. फ्रीजकडे गेल्या आणि दारावरच्या डबीपुढे गुडघ्यांवर बसल्या. "वही घ्या. लवकर. ही डबी शेवटचे एकशेवीस आकडे स्वतःपाशी ठेवते. दर मिनिटाला नवा येतो आणि सगळ्यात जुना पडतो. मी जुन्याकडून वाचते."

म्हणजे डबीत मागचे दोन तास होते आणि प्रत्येक मिनिटाला एक आकडा कायमचा जात होता. मी वही उघडली. बाईंनी बटण दाबलं.

"नऊ शेहेचाळीस. चार पूर्णांक एक."

लिहिलं.

"नऊ सत्तेचाळीस. चार पूर्णांक एक. नऊ अठ्ठेचाळीस. चार पूर्णांक दोन."

वर्षानुवर्षं त्यांनी असेच आकडे वाचले होते. आवाजात एकही चढउतार नव्हता. मी लिहीत गेलो. नव्वदवर ओळी झाल्या. मध्ये एकदा दार वाजलं, जळीत विभागाच्या सिस्टर ट्रे न्यायला बर्फाची पेटी घेऊन आल्या होत्या, त्यांना बाईंनी न बघता हाताने थांबवलं. अकरा अठराच्या पुढचं थोरलीकडे होतंच. बाईंनी बटणावरचं बोट काढलं, वही स्वतःकडे ओढली आणि खाली दोघांच्या सह्यांसाठी रेघ मारली. हाताची नोंद दोन सह्यांनी चालत होती. मला वाटलं, सुटलो.

मग त्या बोटांवर मोजू लागल्या. एकदा मोजलं. परत मोजलं.

"नऊ बारा ते नऊ शेहेचाळीस," त्या म्हणाल्या. "चौतीस मिनिटं."

तीसची हद्द होती. चार मिनिटं जास्त.

"भाऊ, तुम्ही पाहिलंत कधी?"

"आत्ताच," मी म्हणालो. "पाहिलं आणि लगेच फोन केला."

अकरा एकतीसला फोन केला असता तर बाई अकरा सदतीसला आल्या असत्या, आणि पहिला आकडा नऊ सदतीसचा मिळाला असता. पंचवीस मिनिटांची फट. हा हिशेब माझ्या डोक्यात तिथल्या तिथे झाला. तरी मी खरं बोललो नाही. उलट पुढे सरसावून म्हणालो, "बाई, एक ओळ वर लिहू. नऊ चाळीस, चार पूर्णांक एक. अलीकडे चार एक, पलीकडे चार एक, मधे काय आभाळ कोसळलं असेल?"

"नसेल कोसळलं."

"मग?"

"मी तो आकडा पाहिलेला नाही. तुम्हीही नाही."

"तो माणूस तिकडे टेबलावर न्यायचाय!"

"ओरडू नका. मलाही दिसतंय."

एवढ्यात वेल्डरची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाई स्वतःच आल्या, टोपी घातलेल्या, मास्क गळ्यात. सिस्टरांनी जाऊन सांगितलं असणार. बाईंनी त्यांना उभ्याउभ्या सगळं सांगितलं, कुठेही मऊ न करता. डॉक्टरीणबाईंनी वही घेतली, पहिली ओळ पाहिली, शेवटची पाहिली. त्यांच्या खिशाला पेन होतं. माझी नजर त्या पेनावरच होती, आणि खरं सांगतो, त्या वेळी मी मनात म्हणत होतो, लिहा डॉक्टरीणबाई, एक ओळ लिहा, आम्हा तिघांशिवाय कोणाला कळणार आहे.

"तुमची खात्री आहे का, की फ्रीज ठीक होता?" त्यांनी विचारलं.

"माझी खात्री आहे," बाई म्हणाल्या. "पण माझ्याकडे नोंद नाही."

डॉक्टरीणबाईंनी वही मिटली आणि तिथूनच दुसऱ्या शहरातल्या पेढीला फोन लावला. त्यांच्याकडे सहा ट्रे होते. गाडी निघाली तर साडेचार तास. "पाठवा," एवढंच त्या म्हणाल्या, आणि आमच्याकडे न बघता निघून गेल्या.

बाई दार उघडून बाकापाशी गेल्या. मी आतच राहिलो, पण दार उघडं होतं.

"शस्त्रक्रिया आता एकला नाही," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी होईल. उशीर आमच्यामुळे झालाय. आमची नोंद हरवली."

वेल्डरची बायको उठून उभी राहिली. "वस्तू खराब झाली का?"

"नाही. बहुतेक चांगलीच आहे."

"मग लावा ना."

"चांगली आहे हे आम्हाला दाखवता येत नाही. म्हणून लावता येत नाही."

"तुमची वही चुकली म्हणून त्याने असं उघडं पडून राहायचं?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "लिहून टाकायचं होतंत ना. कोण बघणार होतं?"

मला वाटलं त्या नियम सांगतील, नळाची गोष्ट सांगतील, अकरा ट्रेची सांगतील. त्या फक्त तिच्या शेजारी बसल्या. ती सरकून लांब बसली. तरी त्या उठल्या नाहीत.

दुपारी ते पाच ट्रे मी भट्टीपर्यंत नेले. बाई निघाल्या होत्या, मी म्हटलं मी नेतो. पाच ट्रे काही फार जड नसतात.

गाडी पाच दहाला आली. शस्त्रक्रिया सहाला सुरू झाली. वेल्डरला त्यानंतर चार दिवस सणकून ताप होता, आणि त्या चार दिवसांत मी घरी जाऊन नीट जेवलो नाही. बायकोने विचारलं तर तिच्यावरच खेकसलो. पाचव्या दिवशी ताप उतरला. तो जगला. डाव्या हाताची दोन बोटं मात्र काढावी लागली. ती उशिरामुळे गेली की आधीच जायची होती, हे डॉक्टरीणबाईंनी कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

ताप उतरला त्या दिवशी मी बाईंकडे गेलो. अधीक्षकांना द्यायचा अहवाल त्या लिहीत होत्या. मी उभ्यानेच सांगून टाकलं, "बाई, मी अकरा एकतीसलाच पाहिलं होतं. नऊ मिनिटं फोन केला नाही."

त्यांनी मान वर केली नाही. "माहीत आहे. पडदा तुम्ही दोनदा बंद केलात. किती वाजता केलात ते धाकटीने तिच्या वेगळ्या वहीत लिहून ठेवलंय."

"मग अहवालात?"

त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. त्यात त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिलं होतं की परत येण्याची पद्धत योजनेत लिहिलेली नव्हती आणि ती लिहिण्याचं काम त्यांचं होतं. माझ्याबद्दल फक्त एवढंच की वायरमनने सूचनेप्रमाणे दुरुस्ती केली. त्याखाली चार बोटं जागा कोरी सोडली होती.

"ते तुमचं तुम्ही लिहायचं," त्या म्हणाल्या आणि पेन पुढे केलं.

मी लिहिलं. अक्षर चांगलं नाही माझं, पण लिहिलं. दोघांच्याही पगारवाढी वर्षभर अडकल्या. ते असो.

त्यानंतर बाईंनी परतीचं पान लिहिलं. अकरा ओळींचं. लिहून झाल्यावर मला म्हणाल्या, "आता मंगळवारी मी नसेन." त्या खरोखर बाहेर बाकावर जाऊन बसल्या, दाराकडे पाठ करून. आत मी एकटा, हातात पान. मी थोरलीचा प्लग काढला, धाकटी उठली, आणि मग थोरलीला परत आणताना चौथ्या ओळीवर अडलो. "वायर लावा" असं लिहिलं होतं, कुठली ते नव्हतं. मी दारातून डोकं काढून विचारलं, तर त्यांनी कानावर हात ठेवले. म्हणाल्या, "मी नाहीये." अशी चिडचिड झाली माझी! पण तिथे दोन तास घालवून आम्ही ते पान सहा वेळा बदललं, आणि सातव्या वेळी मला कोणाला काही विचारावं लागलं नाही. पुढच्या महिन्यात बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, सलग पाच आठवडे. त्यांच्या यजमानांनी मला मुद्दाम फोन करून आभार मानले. मधल्या मंगळवारी सगळं मी केलं.

त्या परत आल्याच्या आठवड्यात वेल्डरला घरी सोडलं. निघताना त्याची बायको आमच्या दारात आली. तो मागे चाकांच्या खुर्चीवर होता, पायात बूट. ती आत आली, दोन्ही यंत्रांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "यांच्यामुळे झालं का ते?"

"यांच्यामुळे नाही," बाई म्हणाल्या. "आमच्यामुळे."

"आता परत नाही ना होणार?"

मला वाटलं बाई नाही म्हणतील. कोणीही म्हणालं असतं. बाई म्हणाल्या, "यंत्र परत बंद पडेल. तेव्हा काय करायचं ते आता लिहिलंय. मी नसले तरी यांना येतं." आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

ती माझ्याकडे वळली. "त्या दिवशी तुम्ही होतात?"

"होतो," मी म्हणालो. मग तिथेच थांबता आलं असतं, पण मी तिला त्या नऊ मिनिटांचं सगळं सांगितलं. पडद्याचं सांगितलं, रुमालाचं सांगितलं. मला सगळं आधीच कळलं होतं आणि मी भ्यालो होतो, हेही सांगितलं. ती ऐकत राहिली. एकदा तिने मागे वळून नवऱ्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मला वाटलं आता ती काहीही बोलेल, आणि ते ऐकून घ्यायची माझी तयारी होती.

"पुढच्या वेळी लगेच फोन करा," ती म्हणाली, आणि खुर्ची ढकलत त्याला घेऊन गेली.